नवसाची नात

२००२ साल उजाडलं, मिहिका सहा वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. वंध्यत्वावरचे उपचार आणि ऑटिझम यांचा काही संबंध आहे का, हे शोधणारी एक डॉक्टर फॉर्म घेऊन त्यांच्या दुबईतल्या अल कुसैसच्या घरी आली.

"बच्ची ट्रीटमेंट से हुई?" तिने मिहिकाच्या आईला, सुनेत्राला, विचारलं.

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. नात नवसाची, म्हणून साताऱ्याहून देवीचा अंगारा घेऊन आलेल्या. सुनेत्राने नजर चुकवली. "नहीं."

डॉक्टरने फॉर्मवर तशी खूण केली. तेवढ्यात मिहिकाने कपाटातला डबा उपडा केला आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या फॉर्मवर ओळीने मांडल्या. सुनेत्राला त्या कधी टाकवल्याच नव्हत्या.

"फिर से पूछूँ?" डॉक्टर हळूच म्हणाली.

माझ्यामुळे झालं का, हे एकच सुनेत्रा इतकी वर्षं स्वतःला विचारत आली होती. तिने बाटल्या ओंजळीत गोळा केल्या आणि नकारार्थी मान हलवली.