रिकाम्या हाताने

चॉकलेटच्या डब्याचा तळ बाहेरून जिथे दिसत होता, तिथे तो आतून नव्हता. बोटाच्या एका पेराइतका वर होता. झाकण पारदर्शक असल्यामुळे हे कळू शकत होतं, पण त्यासाठी डबा उलटा करून, कडेला बोट लावून खालची पोकळी मापावी लागत होती, आणि विमानतळावरच्या दुकानात एवढा उद्योग सहसा कोणी करत नाही. सासूबाईंनी केला.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या. "चॉकलेटाखाली हवा भरून विकतात."

"आई, वजन लिहिलंय ना वर."

"लिहिलेलं असतंच गं. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा असता, तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता?"

सासूबाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं शोधून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्त होऊनही त्यांचा दरारा असा होता, की त्या लांबून येताना दिसल्या तरी भाजीवाला न सांगता दोन मिरच्या जास्त टाकायचा.

हवा असूनही डबा टोपलीत गेला. "नातवाला," त्या म्हणाल्या. सुनेला ते खटकलं.

कारण चॉकलेट नव्हतं. सासरे गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दर रविवारी तिचा नवरा फोनवर म्हणायचा, "आई, आता इकडेच ये कायमची." त्यावर सासूबाई म्हणायच्या, "बघू." या वेळी त्या येते म्हणाल्या, म्हणून सून त्यांना न्यायला आली होती. पण किती दिवसांसाठी, ते गुलदस्त्यातच होतं. तिकीट एकाच बाजूचं होतं, म्हणजे राहणार. बॅग मात्र एकच, तीही मध्यम, म्हणजे परतणार. किल्ली शेजारणीकडे दिली होती, झाडांना पाणी घालायला सांगून. यातून काय ते ज्याचं त्यानं समजावं.

सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. समोरच्याच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत दिवसभर विचारायची, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" अनोळखी माणसांना शंभरदा विचारणाऱ्या या बाईने सासूला मात्र राहण्याबद्दलचा एकही प्रश्न कधी विचारला नव्हता. आपण विचारलं तर त्यांना गळ्यात दोरी बांधल्यासारखं होईल, नवऱ्याने विचारलेलंच बरं, असं तिचं मत होतं. म्हणून ती नुसती खुणा शोधायची.

आणि सर्वांत मोठी खूण आता टोपलीत पडत होती. नवी नवरी असताना एकदा ती बाहेरून येताना मिठाईचा पुडा घेऊन आली होती. सासूबाईंनी पुडा हातात घेऊन सवयीने जोखला होता आणि म्हणाल्या होत्या, "हे पाहुणे आणतात. तू घरातली आहेस. पुढच्या वेळी नुसती ये." ते बोलणं सुनेने जपून ठेवलं होतं. आता त्याच बाई तिच्या घरी यायला निघाल्या होत्या आणि टोपली भरत होत्या.

"तो बघ," सासूबाईंनी डोळ्यांनीच दाखवलं. एक गृहस्थ मानेला लावायची उशी दाबून बघत होता. "याच्या माळ्यावर अशा चार असणार. दर खेपेला घरी विसरतो आणि इथे येऊन मान चोळतो."

"आणि ती बाई?"

"अत्तरवाली? तिला काही घ्यायचं नाहीये. दोन्ही मनगटं, दोन्ही कोपरं झाली, आता मानेवर मारेल आणि फुकटात घमघमत विमानात चढेल. शेजारी बसणाऱ्याची धडगत नाही."

"मोठं कापडी अस्वल घेतलेला?"

"अपराधी बाप. वाढदिवस बुडवलाय." सासूबाईंनी अस्वलाकडे पुन्हा एकदा बघितलं. "दोन वाढदिवस."

सून हसली. हसता हसता तिने काय केलं, तर सासूबाई फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांच्या फळीकडे वळल्याबरोबर टोपलीतली अत्तराची बाटली उचलून गुपचूप जागेवर ठेवली. बाटली नवऱ्यासाठी होती. पुढच्या वळणावर तिने सासूबाईंनी तिच्यासाठी घेतलेला गळपट्टा काढला आणि गॉगलांच्या मागे कोंबला. एवढी मोठी बाई, चार माणसांत मान असलेली, आणि दुकानात उलटी चोरी करत होती. तिसऱ्या खेपेला तिचा हात चॉकलेटच्या डब्याकडे गेला, तेवढ्यात सासूबाईंनी टोपली तिच्याकडून घेतली.

त्यांनी ती एकदा वर केली. खाली केली.

"अर्धा किलोच्या आसपास गेलंय," त्या म्हणाल्या.

सुनेने गॉगलांकडे पाठ केली.

"बाटली काचेची होती, तीच तीनशे ग्रॅम भरेल. गळपट्टा लोकरीचा." त्यांनी आत डोकावूनही बघितलं नाही. "माझ्या डोळ्यांदेखत दुकानदारांनी मापात मारलंय. पण टोपलीतून माल काढून परत फळीवर ठेवणारी तू पहिलीच."

"घरी सगळं आहे, आई."

"मला ठाऊक आहे घरी काय आहे. का काढलंस ते सांग."

दुकानात गाड्या ढकलत माणसं चालली होती. कुठल्यातरी विमानाची घोषणा झाली आणि उशीवाला गृहस्थ उशी गळ्यात अडकवून पळत गल्ल्याकडे गेला. सुनेने गॉगलांची एक दांडी सरळ केली. सरळच होती.

"तुम्हीच म्हणाला होतात, पाहुणे आणतात म्हणून."

सासूबाईंना आठवायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा मात्र काही वेळ तसाच राहिला, तराजूचा काटा थांबायची वाट बघताना राहायचा तसा.

"मग काय, तशीच येऊ हात हलवत?" त्या म्हणाल्या. "मुलाचं घर झालं तरी काय. दुसऱ्याच्या ओट्यावर माझी भांडी, माझ्या गोळ्या, माझं खोकणं. आठ दिवस कौतुक. मग तू ओठ मिटून चहा करशील आणि मी ओठ मिटून पिईन."

"मी ओठ मिटून काही करत नाही."

"करतेस. दोन वर्षं करते आहेस. तुझा नवरा विचारतो, नातू विचारतो, परवा फोनवर तर तुमच्या वॉचमननंही विचारलं. तू एकदा तरी विचारलंस?"

सुनेच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती ज्याला नाजूकपणा समजत होती, ते दुसऱ्या टोकाहून असं दिसत होतं.

"मला वाटलं, मी विचारलं तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही," ती म्हणाली.

"मला? मी मंत्र्याच्या मेव्हण्याचा काटा जप्त केला होता."

"मागच्या खोलीतलं कपाट अजून खोक्यात आहे," सून एकदम म्हणाली. "दोन वर्षं झाली. दर महिन्याला हा म्हणतो, जोडून टाकू. मी म्हणते, थांब. खिडकीजवळ हवं की दाराजवळ, ते आईंना विचारून लावायचं. खोकं आडवं पडलंय, सगळे त्याला ठेचकाळतात. हा तर दोनदा अंगठा फोडून बसलाय."

"त्याचं लक्ष कधीच खाली नसतं."

"आई, राहाल?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग टोपलीकडे. "बघू," त्या म्हणाल्या आणि गल्ल्याकडे चालू लागल्या.

सून मागोमाग गेली. विचारून टाकल्यामुळे तिला हलकं वाटत होतं, आणि उत्तर तेच आल्यामुळे जडही.

गल्ल्यावरची बाई चटपटीत होती. टोपलीत उरलेला एकुलता डबा हातात घेत ती म्हणाली, "आजी, विमानात कशाला ओझं नेता? आमच्याकडे सोय आहे. सामान इथेच ठेवून जा, परत येताना घ्या. परतीची तारीख तेवढी सांगा, मी चिठ्ठी लावते."

तिने पेन उघडून धरलं. मागे रांगेत अस्वलवाला बाप उभा होता, अस्वलाच्या कानांआडून विमानाच्या वेळा वाचत.

सासूबाईंनी डबा तिच्या हातून परत घेतला. एकदा जोखला. गल्ल्याच्या कडेला ठेवून दिला.

"आजी, तारीख?"

"हा डबा नको मला," सासूबाई म्हणाल्या. "आणि परत यायचंही नाही. मी सुनेकडे राहायला चाललेय, कायमची."