गुणाबाईची टाकी

“हा चवीला कसा रं?” काचेला नाक लावून गुणाबाईनं विचारलं.

दुकानदार परेशनं तिच्या मुलाकडे, मिथुनकडे बघितलं. मिथुननं दुसरीकडे बघितलं.

“मावशी, हे खायचे नाहीत. आफ्रिकेतल्या तळ्यातले सिक्लिड आहेत, शोचे,” परेश म्हणाला.

“तिकरचं लोक खात असतील की!”

परेश हसला आणि त्यानं पुढच्या टाकीचा दिवा लावला.

पनवेलच्या मासळी बाजारात गुणाबाईनं जन्मभर मासे विकले. मागच्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा बाजारातली बसायची जागा पुतणीला देऊन ती करंजा गावाहून मुलाकडे, पनवेलजवळच्या विचुंब्याला राहायला आली. नव्या बिल्डिंगीत सगळं होतं, फक्त तिच्या हाताला काम नव्हतं. भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन. सून कोमल स्वभावानं चांगली, पण “आई, तुमी बसा,” एवढं एकच वाक्य तिला येत असावं असं गुणाबाईला वाटायचं. बसून बसून माणूस किती बसेल?

मिथुन बंदरात क्रेन चालवायचा. त्याला मध्येच मोठ्या टाकीचं खूळ लागलं. हॉलमध्ये सहा फुटी टाकी आली, त्यात रंगीबेरंगी छोटे मासे आले आणि एक मोठाही आला. आठवडाभरात मोठा एकटाच उरला, तोही फुगून मेला. गुणाबाई पोट धरून हसली होती. “त्याचा तोंड नाय बगितलास? जो तोंडात मावतो तो गेलाच की रं!” तेव्हा चिडून मिथुन म्हणाला होता, “मग या टायमाला तूच चल निवडायला. आणि मागून सांभाळायचे पण तूच!” तो रागानं बोलला होता. पण गुणाबाईला काम मिळालं, आणि ते तिला कोणत्याही परिस्थितीत टिकवायचं होतं. दुकानात यायला ती नवं लुगडं नेसून सकाळपासून तयार बसली होती.

परेश समजावून सांगत होता. “सगळे मोठ्या तोंडाचे घ्यायचे, सगळे एका मापाचे. एका जातीचा एकच नर. दोघं रंगानं सारखे नकोत, नाहीतर भाऊबंद समजून फाडतात एकमेकांना. आणि सगळे एकाच दिवशी सोडायचे. जो आधी येतो तो टाकी आपल्या नावावर करून घेतो.”

“मंजे आमचा गावच झाला हा,” गुणाबाई म्हणाली.

ठिपकेवाला व्हेनस्टस ठरला. सुरीसारखा चपटा, निळा एक ठरला. आणखी दोघं मोठ्या जबड्याचे. गुणाबाईचं मन मात्र फ्रंटोसावर बसलं होतं. पट्ट्यांचा, कपाळावर टेंगूळ आलेला, संथ मासा. “ह्याचा कपाल बग, आमच्या होरीच्या तांडेलावानी!” परेशनं मान हलवली. तो दुसऱ्या तळ्याचा, गरीब स्वभावाचा. बाकीचे त्याला घासही घेऊ देणार नाहीत. गुणाबाई रुसून फ्रंटोसासमोर जाऊन उभी राहिली. तेवढ्या वेळात परेशनं मिथुनला पाचवा मासा दाखवला, तपकिरी डागांचा लिव्हिंगस्टोनी, आणि त्याची एक खोड सांगितली. मिथुननं ‘हो हो’ केलं, आणि घरी येईपर्यंत तो विसरूनही गेला.

पाचही जण छान रुळले. गुणाबाई रोज कोलंबी सोलून, तुकडे करून हातानं भरवायची. आधी ते लांब पळायचे. मग तिचा हात पाण्यात शिरला की पाचही तोंडं जवळ यायची. बिल्डिंगीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. गुणाबाई त्यांना टाकीपुढे बसवून भाव सांगितल्यासारखी प्रत्येकाचे गुण सांगायची. खरं सांगायचं तर ती सुखात होती.

एका दुपारी घरात ती एकटीच होती. लिव्हिंगस्टोनी वाळूवर कुशीवर पडलेला दिसला. रंग उतरलेला, कल्ला हलतोय की नाही कळेना. तिनं काचेवर टिचकी मारली. काही नाही. स्टुलावर चढून तिनं खांद्यापर्यंत हात घातला, तरी तो जागचा हलला नाही. मेलेला मासा पाणी नासवतो, मग बाकीचेही जातात, आणि त्यांच्याबरोबर आपलं कामही जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं त्याला उचलला.

हातात येताच मासा फडफडला. पण तिच्या हातात उभ्या जन्मात हजारो मासे फडफडले होते. फडफडतो तो जिवंत, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. फडफडतो तो ताजा. गिऱ्हाइकांना ती तेच सांगत आली होती. बरं झालं वेळेवर दिसला, असं म्हणत तिनं विळी घेतली, साफ केला, हळद-मीठ लावून ठेवला.

रात्री जेवताना ताटातली तुकडी बघून मिथुननं विचारलं, “हा कुठला?”

“टाकीतला एक गेला रं. तो डागवाला. पन वाया नाय घालवला.”

“गेला म्हणजे?”

“वालूवर आरवा पडलेला.”

मिथुनचा हात ताटातच थांबला. मग तो हळूच म्हणाला, “आये, तो मेला नव्हता. तो तसाच पडतो. मेल्याचं सोंग करतो. छोटे मासे जवळ आले की गिळतो. परेशनं सांगितलेलं मला. मीच बोललो नाय तुला.”

गुणाबाईनं ताटातल्या तुकडीकडे बघितलं. “मी हात घातला तरी पलाला नाय तो.”

 मग तिचं तिलाच कळलं. “का पलंल? रोज मीच तर भरवतंय.”

मिथुननं मान खाली घालून ती तुकडी खाल्ली. तिला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सकाळी ती उठली तेव्हा टाकीत माशांच्या विकतच्या खाण्याचे दाणे पडले होते. “मी टाकले, आई. तुमी बसा,” कोमल म्हणाली.

गुणाबाई दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी एकटीच रिक्षा करून परेशच्या दुकानात गेली. कुणाला शिळा मासा दिला असं बाजारात तिनं कधी कबूल केलं नव्हतं; तशी वेळही आली नव्हती. परेशला मात्र ती सरळ म्हणाली, “माज्या हातून जिता मासा मेला. तसाच दुसरा दे.”

परेश काही हसला नाही. “मावशी, नवा एकटा सोडलात तर जुने चौघं त्याला रात्रीत संपवतील. आधी चौघांना बाहेर काढा, दगड हलवा, जागा बदलून टाका. मग पाचही एकदम सोडा. आणि जाळीनं नका काढू, काटे अडकतात. हातानं काढा.”

त्या दिवशी कामावर सुट्टी असल्यानं कोमल घरीच होती. पिशवीतला मासा आणि सासूचा चेहरा बघून तिनं काही न विचारता बादल्या भरल्या. गुणाबाई स्टुलावर चढली. लुगड्याचा पदर खोचून तिनं हात पाण्यात घातला.

चौघंही लगेच आले. हातात कोलंबी नव्हती, तरी तिची बोटं हुंगत राहिले. ठिपकेवाला व्हेनस्टस तर सरळ तिच्या तळहातावर येऊन थांबला. जन्मभर ज्या हातानं तिनं मासे धरले, तो हात तिला मिटता येईना.

“आई, धरा ना,” कोमल खालून म्हणाली.

“धरतंय गो,” गुणाबाई म्हणाली. “जरा दम धर. आधी त्याला सांगू तरी दे.”