साळूबाईच्या अंगठ्यावरची धूळ

मित्रांनो, मी मस्तगडच्या बाजारातल्या रस्त्यावरची एक जुनी धूळ आहे. धुळीलाही वयाचा मान असतो. पण तुम्ही मला रोज झाडता, तेव्हा तो तुम्हाला कसा ठाऊक असणार?

बैलगाड्यांच्या चाकांनी दगड भरडून मला जन्म दिला. कुणाला खरचटले की लोक माझी चिमूट जखमेवर दाबत. मी काही औषध नव्हते, पण कौतुक कुणाला नको असते?

पुढे नव्वद सालाच्या आसपास माझे गोत वाढले. कारखान्यांच्या भट्ट्यांची काजळी आली, टेम्पोंचा धूर आला. लोक गटारातला गाळ उपसून काठावरच वाळत घालू लागले. वाळला की उचलायला हलका, असा हिशेब. तो बरोबरच होता. वाळलेला गाळ वारा एका दमात उचलून माझ्या अंगावर टाकी. बियाण्याच्या दुकानातला भुजंग किडीचे औषध लावलेल्या बियाण्याची रिकामी पोती माझ्यावर आपटून झाडी. त्या भुकटीने मी गुलाबी दिसू लागले. मला वाटले, नटवतात.

एका बाजारी मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या साळूबाईचा अंगठा विळ्याने कापला.

"मावशी, माती दाबा. जल्दी थांबतंय," भुजंग म्हणाला.

"दवाखान्यात जाऊन येऊ का रे?"

"कशाला उगं खर्चा? आपले बापजादे मातीनंच बरे झाले."

तिने विश्वासाने मला उचलले. रक्त थांबले. गटाराचे जंतू मात्र थांबले नाहीत. दोन-तीन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात हात वाचला, पण अंगठ्याचे पेर कापावे लागले.

ती परत आली, तेव्हा भुजंग पोते झाडतच होता.

"मावशी, आता मातीतबी इमान न्हाई राह्यलं."

"मी तर तुझ्या सांगण्यावर इमान ठेवलं व्हतं, बाबा," साळूबाई म्हणाली. भुजंगने दुसरे पोते घेतले.

मित्रांनो, घाण तुमची आणि बेइमान मी! तरी हात जोडून सांगते: गाळ ओला असतानाच उचला, पोती रस्त्यावर झाडू नका, जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

साळूबाई आता जुडी बांधताना सुतळीचे टोक दातांत धरते. त्या सुतळीवर मी बसलेली असते.