शनीचा भाव

गंगाखेडच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत बन्सीधरची एक लांबट खोली होती. तिथं त्यानं आधी खताचं दुकान टाकून बघितलं, ते काही चाललं नाही. मग पालमचा नागनाथ औरंगाबादेहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आला आणि खोली बघत बघत त्याच्या दारात उभा राहिला. दोघं एका वयाचे, तिशीच्या पुढचे. चहा होईपर्यंत भाड्याचं बोलणं भागीदारीवर गेलं. खोली बन्सीधरची, विद्या नागनाथची. दोन मशीनं आली, दारावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली, आणि चपला बाहेर काढून आत यायची शिस्तही लागली, कारण धुळीनं मशीन बिघडतं असं नागनाथनं बजावून ठेवलं होतं.

क्लास बरा चालला. पण चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. सकाळची बॅच गेली की संध्याकाळपर्यंत खोलीत कूलरचा घरघराट आणि हे दोघं. नागनाथ पुढच्या धड्याची तयारी करायचा. बन्सीधर खेळायचा.

खेळ नागनाथनंच लिहिलेला. औरंगाबादेत एका मित्राकडं त्यानं असला एक इंग्रजी खेळ बघितला होता. त्याची फ्लॉपी काही मिळाली नाही, म्हणून त्यानं आपल्या डोक्यानं बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत तसाच एक रचला. नाव ठेवलं 'आकाशराज्य'. पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं, तीही रोमन लिपीतलं मराठी. खेळणाऱ्याला पृथ्वी मिळायची. मंगळ, बुध, शुक्र, शनी ही राज्यं कॉम्प्युटर चालवायचा. कुणाकडं लोखंड जास्त, कुणाकडं पाणी, कुणाकडं इंधन. एकमेकांकडं वकील, म्हणजे दूत, पाठवायचा, सौदा करायचा, अवकाशयानं बांधायची आणि हळूहळू सगळं आकाश आपल्या हाताखाली आणायचं.

बन्सीधर सौदेबाजीत वाढलेला माणूस. ताडकळसच्या बाजारात वडलांच्या मागं हिंडून बैलाचे दात बघायला आणि समोरच्याचा चेहरा वाचायला तो लहानपणीच शिकला होता. पण ह्या खेळात त्याची डाळ शिजेना. शनीकडं इंजिनाची विद्या होती. ती मिळाल्याशिवाय यानं लांब जायची नाहीत. बन्सीधर मागायला गेला की शनी सगळं इंधन आणि वर अर्धं लोखंड मागायचा. घासाघीस करायला जावं तर पडद्यावर तेच वाक्य यायचं : 'हा भाव सर्वांना सारखा आहे.'

"मशीन बेइमान हाय तुझं," तो एक दिवस म्हणाला.

"मशीनला मनच न्हाई, तर बेइमानी कुठून करंल?" नागनाथ वहीतून मान वर न करता म्हणाला.

"मग मीच कामून हरायलोय सारखा?"

"तुला खेळता येईना म्हणून."

हे बन्सीधरला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं लढाईचा विचारच सोडला. जेवढं होतं तेवढं खर्चून त्यानं प्रत्येक राज्यात एकेक हेर पाठवला. हेर ठेवला की त्या राज्याचे इतरांशी झालेले करार वाचता यायचे, पण त्याला खर्च फार म्हणून आजवर तो त्या वाटेला गेला नव्हता. आता तो एकेक करार वाचत गेला, आणि वाचता वाचता खुर्चीतून उठलाच.

"नागनाथ! इकडं ये. हे बघ."

शनीनं बुधाला इंजिनाची विद्या देऊन टाकली होती. बदल्यात थोडंसं पाणी. मंगळानंही तीच घेतली होती, तीही जवळजवळ फुकटच. आणि खाली, त्याच पडद्यावर, बन्सीधरला मिळालेलं उत्तर : सगळं इंधन, अर्धं लोखंड, 'हा भाव सर्वांना सारखा आहे.'

नागनाथ कसनुसा हसला. "सापडलं का तुला."

"म्हणजे तुला ठावं होतं?"

"मीच लिहिलं ना. ऐक, चिडू नको. कॉम्प्युटरला पुढचा विचार करता येत न्हाई. माणसाला येतो. सारखा भाव ठेवला तर तू अर्ध्या तासात जिंकशील. म्हणून तेंच्या तेंच्यात स्वस्त आणि माणसाला तिप्पट. सगळेच खेळ असं कायतरी करतात."

"तिप्पट ठेव की. पाचपट ठेव!" बन्सीधरचा आवाज चढला. "शनीला माझ्या दुप्पट यानं दे, मी लढतो, हरतो, माझी तकरार न्हाई. पण सौदा म्हणून बसवायचं, बोलणं करायचं, आन् तोंडावर सांगायचं की सगळ्यांना हाच भाव हाय? मी तोंड उघडायच्या आधीच माझा भाव ठरलेला. मी काय केलं, कसा वागलो, कुणी बघायलाच तयार न्हाई. नुसतं मी पृथ्वीचा म्हणून!"

 नागनाथनं खुर्ची ओढली आणि पडद्यावरचं ते वाक्य बघत बसला. 

"तुझ्याकडं यायच्या आधी," नागनाथ शेवटी म्हणाला, "मी गंगाखेडात लय खोल्या बघितल्या. भाडं ठरायचं, चहा व्हायचा, मग मालक आडनाव विचारायचा. आडनाव सांगितलं की भाडं तिप्पट. आन् वर म्हणायचे, 'काय करावं सर, सगळ्यांना हेच भाडं हाय.'" त्यानं पडद्याकडं बोट केलं. "ते वाक्य मी तिथूनच उचललं असणार. माझ्या हातानं लिहिलं, आन् लिहिताना ध्यानातबी आलं न्हाई."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. बन्सीधर भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं स्वतः नागनाथचं आडनाव विचारलं होतं ते किल्ली हातात देऊन झाल्यावर, पाटी रंगवताना. ताडकळसचे आश्रुबाकाका त्यावरून पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नव्हते, आणि ह्या संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा तर त्यांनी सगळा राग बन्सीधरवरच काढला होता. काकांना उत्तर द्यायला बन्सीधर कधी कचरला नाही. पण आडनाव आधी कळलं असतं तर आपणही चहा पिऊन वेगळाच आकडा बोललो असतो का, हे त्याचं त्याला सांगता येईना. आणि खोटं बोलावं असंही त्याला वाटेना.

"बदल ते," तो एवढंच म्हणाला.

"आत्ता बदलतो."

"थांब. मला दाखव. मी बदलतो."

"तुला कुठं येतंय?"

"मग शिकव. क्लास कशाचा हाय आपला?"

नागनाथ मनापासून हसला. "मग उद्या सकाळच्या बॅचला बसा. वेळेवर. चपला बाहेर."

गल्लीत त्या बातमीनं चांगली करमणूक केली. क्लासचा मालक पोरीपोरांच्या रांगेत बसून एका बोटानं कीबोर्डवरची अक्षरं शोधायलाय म्हटल्यावर चहावालाही दारातून डोकावून गेला. बन्सीधरनं कुणाची पर्वा केली नाही. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःचं नाव अख्ख्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत छापून काढलं आणि लहान पोरासारखा खूश झाला. शेजारी रुख्मिणी बसायची. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी, बोलायला कमी, बोटं भराभर चालणारी. ती त्याच्या चुका दाखवायची. "भाऊ, स्वल्पविराम राहिला." "भाऊ, ती ओळ तिथं न्हाई जायची." वर्गात तो नागनाथला 'सर' म्हणायचा, आणि सर त्याला इतरांइतकंच रागवायचे.

हळूहळू त्याला खेळाच्या ओळी वाचता येऊ लागल्या. ती ओळ सापडली तेव्हा त्यानं नागनाथला बोलावून घेतलं. खेळणारा माणूस असेल तर भाव तीननं गुणायचा, एवढंच तिच्यात होतं. त्यानं ती स्वतः पुसली.

त्या दिवशी तो जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला. पुढं पुढं तर चहा पिता पिता जिंकू लागला. सुरुवातीला तो ओरडून सांगायचा, मग नुसता मान हलवायचा, मग जांभया देऊ लागला. पण एवढं भांडून मिळवलेल्या न्यायाचा कंटाळा आला असं नागनाथपुढं कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

ते काम रुख्मिणीनं केलं. एका दुपारी ती टायपिंगचा सराव करायला आली आणि लाईट येऊन-जाऊन असल्यामुळं कंटाळून खेळायला बसली. तिनं एकही यान बांधलं नाही. शुक्राचं पाणी घेतलं, शनीला विकलं. शनीचं इंधन घेतलं, मंगळाला विकलं. नुसती इकडचं तिकडं करत गेली, आणि बघता बघता चारी राज्यांची कोठारं रिकामी होऊन सगळं पृथ्वीवर येऊन पडलं.

"भाऊ, ह्यात काय राम न्हाई," ती म्हणाली. "हे तर कुणीबी येऊन लुटून नेईल तेंना."

नागनाथ वहीआड तोंड लपवून हसत होता.

"हस, हस," बन्सीधर म्हणाला. "तू म्हणशील, म्हणून तिप्पट केलं होतं."

"मी काय बोललो का?"

"बोलायलास की तोंडावरून."

मग तिघं बसले. कूलर बंद, दार सताड उघडं, रुख्मिणीच्या हातात वाऱ्यासाठी जुनं मासिक. ती म्हणाली, "शुक्राला कळायला पायजे की आपलं पाणी संपायलंय. संपायला आलं की भाव चढायला पायजे. भाव सारखा म्हणजे कायमचा एकच, असं कोण म्हणलं?"

"आन् मागचं ध्यानात ठेवायला पायजे," बन्सीधर म्हणाला. "बाजारात नवा माणूस आला तर त्याला सगळ्यांचाच भाव. मग तो जबान पाळतो का, दगा देतो, ते बघून पुढचं ठरवायचं. त्याच्या वागण्यावरून. तो कुठला, त्याच्यावरून न्हाई."

"तेच्यात कॉम्प्युटरची राज्यंबी आली," नागनाथ म्हणाला. "मंगळानं शुक्राला फसवलं तर शुक्रानं मंगळालाबी महाग द्यायचं."

"आलीच की. सगळी आली."

मे महिना त्यात गेला. टंचाईचा हिशोब रुख्मिणीनं बसवला. कुणी कुणाशी कसं वागलं हे लक्षात ठेवायचं काम नागनाथनं घेतलं, कारण ते अवघड होतं. बन्सीधरकडं वकिलांची उत्तरं आली. लाईट कधी जाईल नेम नव्हता. एकदा साठवून न ठेवलेलं पूर्ण दुपारचं काम डोळ्यादेखत गेलं, तेव्हा बन्सीधरनं वीज मंडळाचा असा उद्धार केला की रुख्मिणी उठून बाहेर जाऊन हसून आली. 'हा भाव सर्वांना सारखा आहे' हे वाक्य त्यानं काढून टाकलं नाही. ते फक्त खरं असेल तेव्हाच यावं, अशी अट त्याच्यापुढं घातली.

जूनच्या सुरुवातीला, नव्या बॅचचे प्रवेश सुरू व्हायच्या आधी, खेळ तयार झाला. पहिला मान बन्सीधरचा. मागं नागनाथ आणि रुख्मिणी उभे.

त्यानं नेहमीसारखीच सुरुवात केली. बुध सगळ्यांत दुबळा, म्हणून आल्या आल्या त्याची लोखंडाची खाण दाबली. मग ऐटीत शनीकडं वकील पाठवला. शनीनं सांगितलेला भाव बघून त्याच्या भुवया चढल्या.

"हे काय? परत तिप्पट?"

"कारण विचार की त्याला," नागनाथ म्हणाला. "तूच लिहिलीस ना उत्तरं."

बन्सीधरनं विचारलं. पडद्यावर त्याचंच वाक्य आलं : 'तुम्ही बुधाची खाण घेतली. तुमच्यावर विश्वास कसा ठेवावा?'

 बन्सीधर मांडीवर थाप मारून मोठ्यांदा हसला. "बरोबर हाय गड्या तुझं," तो शनीला म्हणाला. "शंभर टक्के बरोबर हाय."

तो डाव तो हरला. शुक्रानं भाव चढवला, मंगळानं करारच नाकारला, आणि बुध बाकीच्यांच्या मदतीनं पृथ्वीच्या दारात येऊन उभा राहिला. पण हरताना त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते जिंकतानाच्या दिवसांत कधी दिसलं नव्हतं. प्रत्येक वकिलाचं उत्तर तो मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि दर खेपेला, "खरंय बाबा," म्हणत होता.

रुख्मिणी घरी गेल्यावर त्यानं दुसरा डाव मांडला. मध्येच थांबून त्यानं मागं वळून विचारलं, "नागनाथ, खाण परत द्यायची असली तर काय दाबायचं?"

"परत?"

"व्हय. सवयीनं घेतली परत एकदा. आता बुधाला देऊन टाकावी म्हणतो. शनीबी बघंल."

नागनाथ जवळ आला. यादी वरून खाली बघितली, आणि त्याच्या लक्षात आलं. "तसं काय न्हाईच ह्याच्यात. घ्यायचं लिहिलं, विकायचं लिहिलं. घेतलेलं कुणी परत देईल असं मला वाटलंच न्हाई."

बन्सीधरनं खेळ बंद केला, आतल्या ओळी उघडल्या आणि खुर्ची पुढं ओढली.

"सरक जरा, उजेड अडवायलास," तो म्हणाला, आणि एका बोटानं लिहायला लागला.