पाहुण्यानं जिंकायचं

आमच्या कारंजा गावातल्या कारखान्यात कॅरम बोर्ड, लेझीम, स्टम्प आणि शाळांना लागणारं असलंच सामान तयार व्हायचं. लोकांना वाटतं, अशा घरातलं बालपण म्हणजे मज्जाच मज्जा. मज्जा कसली डोंबलाची! मला आठवतात ते पाहुणे. शाळांचे पी.टी. मास्तर, संस्थांचे अध्यक्ष, अध्यक्षांचे साळे. सामान बघायला म्हणून यायचे, फुकटचा नाश्ता हाणायचे आणि कोपऱ्यातल्या भुशावर पचापच थुंकून जायचे. संध्याकाळी तो भुसा अम्मी आणि मी भरायचो. थुंकीनं त्याचे गोळे झालेले असायचे. आजही लाकडाच्या भुशाला मी हात लावत नाही.

सगळ्यात ओंगळ माणिकराव. मानोऱ्याकडे त्यांच्या बऱ्याच शाळा होत्या आणि आमचा निम्मा माल तिकडेच जायचा. गालात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा तोबरा, आणि शॉट मारायच्या आधी बोट चाटायची सवय. तेच बोट मग पावडरीवर फिरायचं आणि नव्याकोऱ्या बोर्डावर तांबडा लगदा व्हायचा. आले की अब्बांशी एक डाव खेळल्याशिवाय उठायचे नाहीत. अब्बा, म्हणजे निजामुद्दीन मिस्त्री, डोळे झाकून सोंगट्या घालतील असे खेळणारे, पण पाहुण्यापुढे हरायचे. पाहुण्यानं जिंकायचं आणि जिंकलेला बोर्ड घरी न्यायचा, असा आमच्याकडचा रिवाजच होता. वर अब्बांचं ते "वा साहेब, वा!" ऐकलं की मला शिसारी यायची.

मी सातवीत असताना जिल्ह्याच्या कॅरम स्पर्धेसाठी माझी निवड झाली. अब्बांनी माझ्यासाठी खास बोर्ड बनवला. कारागिराच्या हाती न देता स्वतः घासला, स्वतः पॉलिश केला. शाळेतून आले की मी त्यावरच सराव करायचे. स्पर्धा तोंडावर आली आणि माणिकराव येऊन नेमके त्याच बोर्डापाशी मांडी ठोकून बसले.

"साहेब, तो आमच्या उमेराचा हाय," अब्बा म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणण्याच्या इतकं जवळ गेलेले अब्बा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मंग पोरीलेच बसव ना! जितली त तिचा, हरली त माहा."

मी बसले. समोरून खर्ऱ्याचा भपकारा येत होता. श्वास रोखून एकेक सोंगटी घालत गेले. क्वीन घेतली, कव्हरही केली. शेवटी माझी एकच सोंगटी उरली, तीही भोकाच्या तोंडाशी. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी जराशी. सोडून दे, म्हणत होते. मी सोडली नाही.

सोंगटी जाळीत पडली. मग माणिकराव असे हसले की सुपारीचे कण बोर्डावर उडाले.

"अरे निजाम, पोरगी त वाघीण हाय! ठेव तुहा बोर्ड, पोरी."

रागाचा लवलेश नव्हता. त्या क्षणी मला तो घाणेरडा माणूससुद्धा चांगला वाटला. ते उठून गाडीकडे निघाले.

"असं कसं साहेब!" अब्बा मागून धावले. "लहान लेकरू हाय, तिले काय समजते? तुमाले न्यावाच लागते."

"राहू दे ना बाप्पा, कायले? म्या मस्करी करत होतो."

"नाही नाही, आमाले बरं वाटन."

अब्बा परत आले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी बोर्डावरची थुंकी आणि सुपारी पुसली, चांगलं चकाकेपर्यंत पुसली. तोंडावर तेच हसू होतं. माणिकरावांची किळस मला सवयीची होती. बापाची पहिल्यांदाच आली, आणि ती काही केल्या गिळता येईना.

"बेटा, तिकून धर," अब्बा म्हणाले.

माणिकराव गाडीचं दार उघडून खाली बघत उभे होते. त्यांनाच लाज वाटत असावी. मी दुसरी बाजू धरली, आणि आम्ही बापलेकीनं माझा बोर्ड त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला.