किसाला लागलेलं मीठ

अनितानं तिसऱ्या चंचुपात्रात पेरॉक्साइड ओतलं आणि वर्गाला म्हणाली, "आता बघा हं, फेस कसा काठापर्यंत चढतो."

फेस चढला नाही.

पहिल्या पात्रात सोललेल्या बटाट्याचा अख्खा गोळा होता, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाच्या फोडी, तिसऱ्यात तेवढाच कीस. बटाट्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, पेरॉक्साइड फोडतं, प्राणवायू सुटतो, फेस येतो. बटाटा जितका बारीक, तितकी भिडायला जागा जास्त आणि फेसाला जोर जास्त. पुस्तक तरी असंच सांगत होतं. इथं अख्खा गोळा मजेत फसफसत होता, फोडींचं रडतखडत चाललं होतं आणि कीस घुम्यासारखा तळाशी बसला होता.

"बाई, पुस्तकाच्या उलटं झालं," मालू म्हणाली. पहिल्या बाकावरच्या या मुलीला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं.

शेवटच्या बाकावर संस्थेचे मोरोपंत हाताची घडी घालून बसले होते. रोह्याच्या या कॉलेजात अनिता हंगामी होती. आजचा पाठ त्यांना पटला तर ती जूनपासून कायम, नाहीतर पेणची एसटी धरून कायमची घरी.

तिनं घरून आणलेला किसाचा डबा उघडला. तळाशी चिमूटभर कीस उरला होता. सकाळी किसला तेव्हा चांगला ओला होता. आता दाबून पिळल्यासारखा कोरडा लागला. तिनं किसाची एक काडी जिभेवर ठेवली. खारट!

"तू साडी नेस गो, डबे मी भरते," सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या. सासूबाईंचा, पुतळीचा, जन्म धरमतरच्या मिठागरात गेलेला. सोललेल्या-कापलेल्या वस्तूला मीठ लावल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे, आणि कीस तर मीठ चोळून पिळायचाच, नाहीतर काळा पडतो. सुनेचा मोठा दिवस म्हणून आज हात जरा सढळच चालला असणार.

अनिताला रडू येईल असं वाटलं. सासूबाईंचा रागही आला, अगदी मनापासून आला. मग तिची नजर पुन्हा तिन्ही पात्रांवर गेली आणि राग मध्येच अडला.

"मालू, या तिन्हींना घरी मीठ लागलंय. गोळ्याला कुठं लागलं असेल?"

"वरच्या वर."

"आणि किसाला?"

"एकेका काडीला, बाई. सगळीकडून."

"वर तो पिळला, तर?"

"आतला रस गेला. म्हणजे विकर पण गेलं!"

"म्हणजे बारीक केलं की पेरॉक्साइडच तेवढं जास्त भिडतं असं नाही. मीठही तसंच भिडतं."

"हे झालं बोलणं," मोरोपंत मागून म्हणाले. "दाखवा की."

अनितानं पहिल्या पात्रातला गोळा काढून धुतला. वरचा खारट थर सुरीनं चारी बाजूंनी उतरवला. प्रयोगशाळेत किसणी नव्हती, म्हणून आतला गाभा खलात कुटला आणि बाटलीतलं उरलंसुरलं पेरॉक्साइड त्यावर ओतलं. फेस भराभर वर आला, काठ ओलांडून टेबलावर उतरला. मुलांनी बाकं बडवली.

तास संपल्यावर मोरोपंत जवळ आले. "मिठाची युक्ती चांगली होती. कुणी सुचवली?"

"सासूबाईंनी," ती म्हणाली.

"त्यांना सांगा, जूनपासून सूनबाई कायम."

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी जागा मिळाली. वाटेतलं गडब गाव कधी आलं नि गेलं, तिला कळलंही नाही. इतके दिवस मानगुटीवर बसलेलं भूत उतरलं होतं.

पुतळी ओट्यावर वाट बघत बसली होती. सून पायरी चढायच्या आत तिनं विचारलं, "कीस काळा पडला नाय ना गो?"

अनिता चप्पल काढता काढता थांबली. सगळं सांगावं असं ओठांवर आलं होतं.

"नाय आई. पांढराशुभ्र राहिला."

"मंग काम झालं?"

"झालं. कायम केलं मला."

पुतळीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं. हात खरखरीत होते. "बघ, मी मीठ लावलं म्हनून! आता परत कधी लागंल, सांग. मी हाय."

"दरवर्षी लागेल, आई," अनिता म्हणाली. "पण एकाच डब्याला लावा."