व्यंकटरावांची करंगळी

व्यंकटराव गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या पत्नी पुतळाबाई गाणार होत्या. जळकोटच्या बुद्धविहारात त्या कायम नवऱ्याच्या गिटारीवर गायल्या, म्हणून अटही गिटारीचीच घातली. "ह्यांच्यासारखी वाजली तर गाईन. न्हाय तर वंदना करू आन् जेवण वाढू."

वाजवणार होता संघपाल, गायन पार्टीतला व्यंकटरावांचा जोडीदार. गावात त्याचं स्पीकरचं दुकान होतं. शनिवारी दुपारी तो ओसरीवर आला, तेव्हा पुतळाबाईंच्या मुलीला, श्रावस्तीला, वडिलांची गिटार पटकन ओळखू येईना. तारा नव्या, लाकूड लख्ख, आणि तारांखालचे, त्यांचा आवाज उचलणारे पिकअप काळे कुळकुळीत.

"बॅटरीवाले हायेत," संघपाल म्हणाला. "जुने मांडवातल्या लाइटीजवळ गेले की घूं करायचे. दादा लई वैतागायचे. म्हणलं, त्यांच्या कार्यक्रमाला तरी सुखानं वाजू दे."

बाबा गेल्यावर बरेच लोक येऊन बसून गेले होते. त्यांच्या एखाद्या जुन्या वैतागाची आठवण ठेवून कुणी काम केलं असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती नुसती "चहा टाकते" म्हणाली.

संघपालनं व्यंकटरावांचं लोखंडी पेडल गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडलं. आवाज फाटका, खरबरीत करणारं हे एकच पेडल त्यांच्याकडे होतं. पहिली तार छेडली आणि अंगणातली कोंबडी पळाली. त्यानं गिटारीवरचं आवाजाचं बटण उतरवलं. किंचाळणं तेच राहिलं, फक्त शेजारच्या घरातून आल्यासारखं.

"पत्रा कापतोस का रं?" पुतळाबाई आतून ओरडल्या.

त्यानं पायानं पेडल बंद केलं. आता आवाज स्वच्छ आला, पण मेलेला. पुतळाबाई दारात आल्या, ऐकून घेतलं, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. मी न्हाय गात," आणि आत गेल्या.

संघपालचा चेहरा उतरला. श्रावस्ती लहानपणी स्टेजवर बाबांच्या पायांशीच बसायची. ती म्हणाली, "काका, बाबा पेडल मध्येच बंद करायचेच नाहीत. एकदा दाबलं की कार्यक्रम संपेपर्यंत चालू. सगळं काम ह्या करंगळीचं. अंतऱ्याला बटण जरा उतरवायचे, की आवाज निवळायचा. धृपदाला उघडलं, की पुन्हा खरबरीत."

तो पेडलकडे बघत बसला. मग कपाळावर हात मारला.

"बॅटरी! अगं, जुन्या पिकअपला स्वतःचा जोर न्हाय. ते जरासा करंट देतात, आन् हे पेडल तो ओढून घेतं. बटण उतरवलं की दोघांची ओढाताण बदलती, म्हणून आवाज निवळतो. नव्यांना बॅटरीचा जोर. पेडलनं कितीबी ओढू दे, हे हटत न्हाईत. माझ्या एकोच्या पेडलला झकास चालले, म्हणून म्या ह्याला लावून बघितलंच न्हाय."

"जुने कुठं आहेत?"

"दुकानात. टाकीन व्हय?"

मोटरसायकलवर जाऊन तो जुने पिकअप घेऊन आला, जुनी बटणंही. नव्या पिकअपसाठी तीही बदलली होती. तो वायरींना डाख देत होता आणि श्रावस्ती चिमट्यानं वायर धरून बसली होती.

"काका, तुम्ही बाबांसाठी एवढं…"

"आभार मागनं मान. वायर नीट धर, हात भाजंल."

रविवारी सकाळी विहारात व्यंकटरावांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. संघपालनं मांडवातल्या लाइटी बंद करायला लावल्या, पेडल दाबलं आणि वाजवायला लागला. पुतळाबाई माईक धरून नुसत्या ऐकत उभ्या होत्या. अंतरा आला, त्याची करंगळी बटणावर सरकली. खरबरीतपणा गळून पडला, उरला तो ओलसर, मोकळा सूर. त्या सुरात पुतळाबाईंचा बारीक आवाज सहज मावला. आईचा आवाज बारीक आहे, हे श्रावस्तीला आज पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं बाबांनी ते कुणाला कळूच दिलं नव्हतं.

अंतरा संपला तरी त्यांचा आवाज बुडेल ह्या भीतीनं संघपाल बटण उघडेना. पुतळाबाई गाणं थांबवून त्याच्याकडे वळल्या.

"एवढा कशाला दबतोस रं? मी काय आजारी हाय? उघड की!"

मांडव हसला. संघपालनं बटण उघडलं, गिटार गरजली, पुतळाबाईंनी डोळे पुसत धृपद उचललं. गाणं संपल्यावर जेवणाची पंगत बसवायची, असं ठरलं होतं. शेजारच्या उमाबाई पत्रावळ्या घेऊन उठल्याही.

"बसा हो," पुतळाबाई माईक न सोडता म्हणाल्या. "संघपाल, दुसरं घे."

श्रावस्तीनं उमाबाईंच्या हातातल्या पत्रावळ्या घेतल्या आणि आईच्या पायांशी, पेडलजवळ जाऊन बसली.